उभ्या गाडीचे ब्रेक

“वर्षात गाडी पळली किती, वहिनी? साडेतीन हजार किलोमीटर. एवढं अंतर आमची एष्टी दोन आठवड्यांत तोडायची. लायनर घासायला गाडी पळावी लागती. उभ्या गाडीचं काय घासतंय?”

“घासत नाही भावजी, गंजतं. आणि उभी असते म्हणूनच गंजलेलं कळत नाही.”

कोल्हापूरजवळ शिरोलीतल्या एका गॅरेजात हा वाद चालला होता. वहिनी पॉलिटेक्निकमध्ये यंत्र अभियांत्रिकी शिकवून निवृत्त झालेल्या. भावजींची सगळी नोकरी एसटीच्या स्टिअरिंगवर गेली, आणि त्यातली बरीचशी कोकणात उतरणाऱ्या घाटांत. दोघांसमोर उभं होतं ते टेम्पो ट्रॅव्हलरच्या चॅसीवर बांधून घेतलेलं मोटरहोम. मागं आडवा पलंग, डाव्या अंगाला ओटा आणि फ्रिज, पलंगाखाली शंभर लिटरची पाण्याची टाकी, इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या, गॅस सिलिंडर, छतावर सोलर पॅनेल. दिवाळी झाली की आजरा, आंबोली, सावंतवाडी करत गोव्याला जायचं ठरलं होतं. गाडी जूनपासून पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. वहिनींचा आग्रह होता की चारही चाकं उतरवून ब्रेक बघायचे. भावजी म्हणत होते, गाडी बाहेर काढून दहा किलोमीटर फिरवू, ब्रेक कसाय ते पाय ठेवल्याबरोबर कळतं.

असा विचार करणारे भावजी एकटे नाहीत. गाडीची निगा किलोमीटरवर मोजायची आपल्याला सवयच लागलेली आहे. सर्व्हिसिंगचं पुस्तक किलोमीटर विचारतं, गॅरेजवालाही आधी मीटर बघतो. टॅक्सीला, ट्रकला, एसटीला हा हिशेब बरोबर लागू पडतो. मोटरहोमचं मात्र उलटं असतं. ते वर्षातले बहुतेक दिवस जागेवर उभं राहतं आणि निघतं तेव्हा संसाराचा सगळा भार घेऊनच निघतं. ट्रक माल उतरवून रिकामा परततो. मोटरहोम कधीच रिकामं होत नाही. शिवाय ते जातं कुठं, तर डोंगरात आणि समुद्रावर. म्हणजे जास्त भार, लांब उतार आणि खारी दमट हवा या तिन्ही गोष्टी त्याच्या नशिबी एकदम येतात.

सरकारी तपासणीतूनही ते बरंचसं सुटतं. भाड्यानं चालणाऱ्या गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस सर्टिफिकेट घ्यावं लागतं. खासगी वापराची कॅम्पर व्हॅन मोडते बिगर-वाहतूक गाड्यांत, आणि तिची नोंदणी एकदम १५ वर्षांची. मालकानं स्वतः चाक उघडलं नाही, तर तेवढी वर्षं ते उघडायला कुणी सांगणार नाही. राज्य सरकारनं २०२१मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, मोटर कॅराव्हॅनच्या बांधणीसाठी एआयएस-१२४ हे मानकही आहे. पण शेडमध्ये चार महिने पावसाळा काढलेल्या गाडीच्या कॅलिपरचं काय झालंय, हे बघायला कुठलाही नियम घरी येत नाही.

फिटरनं मध्यम मार्ग काढला. “मामा म्हणत्यात तसं आधी फिरवून बघू. मग मॅडम म्हणत्यात तसं उघडू.”

भावजींनी इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबलं. पेडल कडक झालं. मग पाय तसाच दाबून धरला आणि स्टार्टर मारला. इंजिन सुरू होताच पेडल पायाखाली जरासं खाली गेलं. व्हॅक्यूम बूस्टर काम करतोय याची ही साधी खूण. नंतर मिनिटभर त्यांनी पेडल जोरात दाबून धरलं. ते हळूहळू खाली बसत गेलं असतं, तर मास्टर सिलिंडर आतून गळतोय किंवा कुठंतरी बाहेर गळती आहे असं समजायचं. बसलं नाही. भावजींनी वहिनींकडं बघितलं. या चाचणीला ना हत्यार लागतं ना पैसा, आणि प्रत्येक मोटरहोमवाल्यानं गाडी शेडबाहेर काढायच्या आधी ती करावी.

मग फेरी. मोकळ्या रस्त्यावर भावजींनी हलके, मध्यम आणि एकदा जोरात ब्रेक मारून पाहिले.

“जरा डावीकडं घेतीय,” ते म्हणाले. “पण रस्त्याला उतार डावीकडंच हाय. रस्ता ओढतोय, ब्रेक न्हाई.”

“मग परत येताना उजव्या लेनमधून या. तिथं उतार दुसरीकडं असेल.”

गाडी तिथंही डावीकडंच गेली. अगदी किंचित, पण गेली. ती ओढ पायाला आणि हाताला कळली होती भावजींच्याच. फक्त तिचं कारण शोधायची त्यांना गरज वाटली नव्हती. अनुभवी माणसाची इथंच फसगत होते. त्याला खूण चुकत नाही, पण तिला द्यायला एक जुनं, सोयीचं कारण त्याच्या हाताशी तयार असतं.

परत आल्यावर भावजींनी एसटीतल्या सवयीनं पंजाची मागची बाजू एकेका चाकाजवळ नेली. हात टेकवला नाही, कारण तापलेली डिस्क कातडं सोलून काढते. वहिनींनी पिशवीतून इन्फ्रारेड थर्मामीटर काढला आणि नळी डिस्कवर रोखली. पुढचं उजवं चाक डाव्यापेक्षा गरम आहे, हे दोघांनाही आपापल्या पद्धतीनं कळलं. थर्मामीटरचा फायदा इतकाच की आकडा वहीत लिहून ठेवता येतो आणि पुढच्या वर्षीच्या आकड्याशी ताडून बघता येतो. हाताची आठवण वर्षभर टिकत नाही.

“एक चाक गरम हाय म्हणजे तेवढं एक उघडू,” भावजी म्हणाले.

“चारही.”

फिटरनं जॅक लावला, खाली घोडी ठेवली आणि पुढचं उजवं चाक उतरवलं. दोन्ही पॅड काढून त्यानं फडक्यावर शेजारी शेजारी ठेवले. बाहेरचा जवळपास नव्यासारखा जाड, आतला त्याच्या निम्म्याला आलेला. तोही अजून तीन मिलिमीटरच्या खूप वर होता. साधारण तीनवर आला की पॅड बदलायचा असतो. नुसती जाडी मोजली असती तर चाक पास झालं असतं. दोन पॅडमधला फरक मात्र वेगळंच सांगत होता. या जातीच्या कॅलिपरमध्ये पिस्टन एकाच बाजूला असतो. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो, आणि त्याच्या उलट्या जोरानं अख्खा कॅलिपर गाईड पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून आणतो. पिना अडकल्या तर बाहेरचा पॅड नुसता बघत बसतो. त्या चाकाला ब्रेक कमी लागतो, गाडी दुसऱ्या अंगाला जाते. आणि पाय काढल्यावर कॅलिपर मागंही सरकत नाही, म्हणून पॅड घासत राहून डिस्क तापते. डावीकडची ओढ आणि उजव्या चाकाची ऊब, दोन्हीचा उगम एकच निघाला.

खालची पिन काही निघेना. गंज सोडवायचं तेल मारून, पान्यानं थोडं इकडं थोडं तिकडं हलवत फिटरनं ती काढली, तेव्हा ती निम्म्यापर्यंत तपकिरी झालेली होती. तिच्यावरचं रबरी बूट एका कडेला चिरलं होतं. नखाएवढी चीर. तिच्यातून चार पावसाळ्यांची ओल आत गेलेली. नवीन पिना, नवीन बूट, आणि ब्रेकसाठी मिळतं ते जास्त उष्णता सोसणारं ग्रीस. गॅरेजात डब्यानं असलेलं साधं चॅसी ग्रीस इथं लावलं तर रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते. फिटरला हे माहीत होतं. सगळ्यांना असतंच असं नाही, तेव्हा मालकानं विचारलेलं बरं.

काम चालू असताना काढलेला कॅलिपर त्यानं तारेनं चॅसीला बांधून ठेवला. होजवर लोंबकळत सोडला नाही. भावजींना हे बघून बरं वाटल्याचं दिसलं.

मागचे ड्रम उतरले तेव्हा भावजींचा चेहरा खुलला. “बघा. लायनर नव्यासारखं.” खरंच होतं. रिव्हेटांवर भरपूर माल शिल्लक होता, ड्रम गुळगुळीत होते, आतल्या व्यासाची ड्रमवर छापलेली मर्यादा अजून लांब होती. आत साचलेली धूळ हवेच्या पाइपनं उडवायला पोऱ्या पुढं झाला, तेव्हा वहिनींनी त्याला थांबवलं आणि ओल्या फडक्यानं पुसायला लावली. जुन्या लायनरांमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं आणि ती भुकटी छातीत गेली की बाहेर येत नाही. गॅरेजातल्या पोरांच्या फुप्फुसांचा विचार ब्रेकच्या कामात सहसा कुणी करत नाही, म्हणून हे लिहायला हवं.

मग फिटरनं डाव्या व्हील सिलिंडरचं रबरी टोपण स्क्रू-ड्रायव्हरनं हळूच उचललं. आत ओलं. खाली थेंब पडलेला नव्हता, टाकीतली पातळीही डोळ्याला कळण्याइतकी उतरली नव्हती. पण टोपणात ब्रेक ऑइल साचायला लागलं होतं. आतलं रबर कडक होऊन गेलं, की आधी असं पाझरतं, मग लायनरवर उतरतं. भिजलेलं लायनर कितीही जाड असलं तरी टाकाऊच.

“हे टोपण न उचलता पायाला कळलं असतं?” वहिनींनी विचारलं.

“कळलं असतं की. लायनर भिजल्यावर.”

“आंबोलीच्या उतारावर.”

भावजी यावर काही बोलले नाहीत.

तिसरी गोष्ट ब्रेक ऑइलची. टाकीतलं ऑइल काळपट चहाच्या रंगाचं झालं होतं. रंगावरून पक्का निकाल देता येत नाही, पण ते शेवटचं कधी बदललं हे कुणाला आठवत नव्हतं, आणि तेवढं कारण पुरेसं होतं. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढतं; पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं तसंच हे, फक्त इथं पाणी दिसत नाही. डॉट ३ प्रतीचं ऑइल नवं असताना किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की ती मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४चे हेच आकडे २३० आणि १५५. हे मुरणं काळावर चालतं, किलोमीटरवर नाही. गाडी पळो न पळो, टाकीच्या टोपणातून आणि रबरी होजमधून ओल आत शिरतच राहते. म्हणून बहुतेक कंपन्या दोन वर्षांनी ऑइल बदला म्हणतात. साडेतीन हजार किलोमीटरच्या हिशेबात ही गोष्ट बसतच नाही.

“एष्टीत हवेचे ब्रेक,” भावजी म्हणाले. “तिथं हे उकळायचं लफडंच न्हाई.”

“पण ही एसटी नाही,” वहिनी म्हणाल्या, आणि पॅडच्या रिकाम्या खोक्यावर पेननं गणित मांडायला लागल्या.

गाडी भरून सुमारे चार टन. आंबोलीपासून घाटाच्या पायथ्यापर्यंतचा उतार साधारण ६०० मीटर. चार हजार किलो गुणिले ९.८ गुणिले ६००. म्हणजे २ कोटी ३५ लाख ज्यूल. एवढ्या उष्णतेत सुमारे ७५ लिटर पाणी २५ अंशांपासून उकळीला येतं. ताशी ८० किलोमीटरनं जाणारी हीच गाडी एकदा पूर्ण थांबवायला साधारण १० लाख ज्यूल लागतात, तेव्हा घाट नुसत्या ब्रेकवर उतरणं म्हणजे ८०च्या वेगातून तेवीस-चोवीस वेळा लागोपाठ थांबणं. यातली काही ऊर्जा टायर आणि वारा खातात, पण उरते ती कुठंतरी जायलाच हवी.

“इंजिनात,” भावजी म्हणाले. “ते कशाला दिलंय? ज्या गिअरात घाट चढायचा, त्याच गिअरात उतरायचा. आमच्यात नव्या पोराला पहिल्या दिवशी सांगायचे. तुम्ही नवं ऑइल घाला, नव्या पिना घाला, आणि वर बसलेला माणूस टॉपला टाकून उतरू दे. पायथ्याला पोचायच्या आत ब्रेक जळल्याचा वास. आणि माझ्याकडं द्या गाडी, ह्या जुन्या ऑइलवर उतरवून दाखवतो.”

या मुद्द्यावर त्यांना उत्तर देणं अवघड आहे, कारण महाराष्ट्रात त्याचा पुरावा समोर आहे. २० नोव्हेंबर २०२२च्या रात्री पुण्यात नवले पुलाजवळ, नव्या कात्रज बोगद्याकडून येणाऱ्या उतारावर एका मालवाहू ट्रकनं गाड्या उडवल्या आणि ४०हून अधिक गाड्यांचं नुकसान झालं. पहिल्या बातम्या आल्या त्या ब्रेक फेल झाल्याच्या. तपासात पुढं आलं ते वेगळं: डिझेल वाचवायला उतारावर इंजिनच बंद केलेलं होतं. इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलला सोडली की गिअरचा रोध जातो, आणि ब्रेकला मदत करणारी यंत्रणाही थोड्या वेळात संपते. ट्रॅव्हलरसारख्या डिझेल गाडीत बूस्टरचा व्हॅक्यूम इंजिनावर चालणारा पंप तयार करतो. इंजिन बंद पडलं की एक-दोन वेळा पेडल हलकं लागतं आणि मग दगड होतं. पॉवर स्टिअरिंगही जड होतं. अशा गाडीचे ब्रेक उघडून पाहिले तर ते चांगलेही निघतील.

“हे मी नाकारतच नाही,” वहिनी म्हणाल्या. “अमेरिकेत अवजड गाड्यांच्या लायसनसाठी जे पुस्तक वाचावं लागतं, त्यात हेच आहे. उतार सुरू व्हायच्या आधी खालचा गिअर. मग वेग ठरवायचा. तिथं पोचलं की ब्रेक ठाम दाबून आठेक किलोमीटरनं वेग खाली आणायचा, पाय पूर्ण काढायचा, पुन्हा वेग तिथं आला की पुन्हा दाबायचा.”

“पाय ठेवून ठेवून न्हाई उतरायचं.”

“हो. हलका पाय सतत ठेवला तर पॅडला थंड व्हायला वेळच मिळत नाही.”

“म्हणजे पुस्तकात आमचंच लिवलंय.”

“तेच लिहिलंय. पण त्याच देशात कोलोरॅडोमध्ये पाइक्स पीक नावाचं ४,३०२ मीटर उंचीचं शिखर आहे. वरपर्यंत मोटारी जातात. उतरताना ग्लेन कोव्ह नावाच्या जागी रेंजर तुमची गाडी थांबवतो आणि ब्रेकचं तापमान मोजतो. जास्त निघालं तर बाजूला लावायची, गार होईपर्यंत. ड्रायव्हरला तो विचारत बसत नाही की तू कुठल्या गिअरात आलास. ब्रेकला विचारतो.”

भावजींना ही कल्पना आवडली. आंबोलीलाही असं कुणीतरी बसवायला हवं, असं ते म्हणाले, आणि ते मनापासून होतं.

तापलेले ब्रेक दोन वेगळ्या पद्धतींनी दगा देतात, आणि कुठली पद्धत हे पायाला कळतं. पॅड किंवा लायनर जास्त तापलं की त्यातल्या राळेतून वायू सुटतो आणि पकड जाते. तेव्हा पेडल कडकच असतं, पण कितीही दाबलं तरी गाडी थांबत नाही. ऑइल उकळलं तर उलट होतं. पाइपात वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते, आणि पेडल मऊ पडून तळाला जातं. पहिल्या वेळी गिअर खाली आणून, वेग मोडून, बाजूला थांबून गार होऊ द्यायचं. दुसऱ्या वेळी पेडल भराभर मारून मिळेल तेवढा दाब घ्यायचा, गिअर आणि हँडब्रेकची मदत घेत गाडी थांबवायची, आणि ऑइल बदलल्याशिवाय पुढं जायचं नाही. एकदा उकळलेलं ऑइल गार झालं की पेडल पुन्हा ठीक लागतं. त्या ठीक लागण्यावर विश्वास ठेवून पुढचा घाट धरणं धोक्याचं आहे. भावजींना ही दोन्ही पेडलं ऐकून आणि अनुभवून माहीत होती. त्यांची कारणं त्या दुपारी पहिल्यांदा त्यांच्यासमोर एका ओळीत आली.

सगळ्यात मोठी गोष्ट मात्र दोघांपैकी कुणालाच सापडली नाही. ती फिटरनं दाखवली.

“मॅडम, मागं पाटे वाढवलेत का?”

वाढवले होते. बॉडी बांधून आल्यावर गाडी मागं बसत होती, म्हणून कमानीत जादा पाटा घालून ती उचलून घेतली होती. फिटरनं मागच्या ॲक्सलजवळची एक बारीक दांडी दाखवली. ती लोड सेन्सिंग वॉल्व्हची. गाडी भारानं खाली बसली की ही दांडी हलते आणि वॉल्व्ह मागच्या ब्रेकना जास्त दाब जाऊ देतो. गाडी रिकामी असून उंच उभी असेल तर दाब कमी करतो, म्हणजे मागची चाकं लॉक होऊन गाडी फिरू नये. पाटे वाढवून गाडी उंच केली, पण वॉल्व्ह नव्यानं जुळवला नाही. तेव्हापासून वॉल्व्हला वाटतंय गाडी रिकामी आहे. चार टनांचं घर, आणि मागचे ब्रेक रिकाम्या गाडीच्या दाबावर. लायनर नव्यासारखे का राहिले, याचं निम्मं उत्तर तिथंच होतं.

भावजींनी बराच वेळ खाली वाकून ती दांडी बघितली. “म्हणजे मागचं ब्रेक कामच कमी करत होतं. सगळा भार पुढच्यावर.”

“आणि पुढचा एक अडकलेला,” वहिनी म्हणाल्या.

आपल्याकडं मोटरहोम बहुतेक अशीच तयार होतात. चॅसी एकाची, बॉडी दुसऱ्याची, पाटे तिसऱ्या गॅरेजात वाढवलेले. प्रत्येकानं आपलं काम नीट केलेलं असतं, पण सगळं मिळून ब्रेकचं काय झालं, ते कुणी बघितलेलं नसतं. म्हणून गाडी तयार झाल्यावर ती एकदा वजनकाट्यावर न्यावी: पाणी भरून, सिलिंडर ठेवून, सामान लावून. आधी पूर्ण गाडी, मग फक्त पुढचा ॲक्सल, मग फक्त मागचा. आकडे चॅसीच्या पट्टीवर लिहिलेल्या मर्यादांशी ताडावेत आणि मगच वॉल्व्ह कंपनीच्या मापानं जुळवून घ्यावा. हे काम अंदाजानं करायचं नाही; मागं दाब जास्त झाला तर ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी लॉक होतात, आणि ते तर आणखी वाईट.

यानंतर भावजींनी जो मुद्दा काढला, त्याच्यापुढं वहिनींना माघार घ्यावी लागली. वहिनींच्या डोक्यात होतं, निघायच्या आदल्या दिवशी काम उरकून गाडी ताजी घेऊन जायची. भावजी ठाम नाही म्हणाले.

“ब्रेकचं काम झाल्यावर गाडी दुसऱ्या दिवशी घाटात न्ह्यायची न्हाई. उघडलेल्या कामात माणसाचा हात लागलेला असतोय. कुठं हवा राहिली, कुठं नट ढिला राहिला, पॅडला ग्रीसचं बोट लागलं, ते पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरात कळतं. ते किलोमीटर हितंच सपाटीला घालवायचे. मग बघू.”

यात अंधश्रद्धा काही नाही. नव्या पॅडला डिस्कवर बसायलाही तेवढं अंतर लागतं. तोवर पकड पूर्ण येत नाही. चाकाचे नट पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा आवळून बघायचे असतात. आणि व्हील सिलिंडर नवे घातल्यावर टोपण उचलून ओल बघायची, तर मध्ये थोडे दिवस जावे लागतात. मापानं चालणाऱ्या माणसाला काम संपलं की विषय संपला असं वाटतं. गाडी चालवणाऱ्याचा विषय तिथून सुरू होतो. या बाबतीत भावजी नुसते बरोबर नव्हते, तर वहिनींच्या यादीत ही ओळच नव्हती.

ऑइल बदलताना तिघंही कामाला लागले. सुरुवात मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून, म्हणजे आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत मागच्या डाव्यापासून. भावजी केबिनमध्ये, फिटर चाकापाशी, वहिनी टाकीवर लक्ष ठेवून. टाकी रिकामी झाली की हवा आत जाते आणि सगळं पहिल्यापासून.

“दाब.”

“दाबलं.”

“धर… सोड.”

बाटलीत आधी काळपट, मग बुडबुडे, मग फिकट सोनेरी ऑइल आलं. एबीएस असलेल्या गाड्यांमध्ये काही वेळा याला स्कॅनर लागतो. ही गाडी जुनी असल्यामुळे पाय आणि पाना पुरला. ऑइल सीलबंद बाटलीतलंच घ्यायचं, हा वहिनींचा आग्रह भावजींनी मान्य केला. गॅरेजात अर्धी उघडी पडलेली बाटली आधीच ओल पिऊन बसलेली असते.

हँडब्रेकवर मात्र एकमत झालं नाही. गाडी चार महिने उभी करायची तर हँडब्रेक ओढून ठेवू नये, असं वहिनींचं मत: लायनर ड्रमला चिकटतं, केबल आतल्या आत गंजून अडकते. सपाट शेडमध्ये गाडी पहिल्या गिअरात ठेवावी आणि चाकांच्या दोन्ही बाजूंना लाकडी ठोकळे लावावेत. भावजींच्या अंगातली एसटी हे ऐकून घ्यायला तयार नव्हती. हँडब्रेक न ओढता ड्रायव्हर खाली उतरतो, ही कल्पनाच त्यांना सहन होत नव्हती. शेडपुरतं वहिनींचंच ऐकावं. उतारावर मुक्काम असेल तर भावजींचं ऐकावं, आणि ठोकळे तरीही लावावेत. महिन्यातून एकदा गाडी बाहेर काढून दहा-पंधरा किलोमीटर फिरवली आणि ब्रेक दोन-चार वेळा ठामपणे वापरले, तर डिस्कवरची गंजाची पातळ साय निघून जाते, पिना हलत्या राहतात, आणि हा वाद बराचसा मिटतो. जागेवर इंजिन सुरू करून बंद केल्यानं ब्रेकला काहीच फायदा होत नाही.

वहीत शेवटी असं लिहिलं गेलं. पावसाळ्यानंतर दरवर्षी चारही चाकं उघडायची, किलोमीटर कितीही असोत. ऑइल दोन वर्षांनी. रबरी होज वाकवून भेगा बघायच्या, आणि गाडी दहा वर्षांची झाली की न बघताच बदलायच्या, कारण जुना होज आतून फुगतो आणि दाब जाऊ देतो पण परत येऊ देत नाही. त्याखाली भावजींनी स्वतःच्या अक्षरात भर घातली: काम झाल्यावर दोन आठवडे घाट नाही.

निघायच्या तारखेवर बोलताना पाण्याची टाकी आली. वहिनींना ती कोल्हापुरात भरून घ्यायची होती, घरचं पाणी म्हणून. भावजी म्हणाले, शंभर किलो घाटावरून उतरवायचं कशाला, सावंतवाडीत भरू. वहिनींनी खोक्यावरचं गणित पुन्हा काढलं. शंभर किलो म्हणजे एकूण भाराच्या अडीच टक्के. घाटाच्या उष्णतेत तेवढाच फरक. फार नाही.

“फार न्हाई, पण आहे की,” भावजी म्हणाले. “आणि ते पाणी मागच्या ॲक्सलच्याबी मागं हाय. आधीच तिकडं वजन.”

वहिनींनी काट्यावरची चिठ्ठी काढून मागच्या ॲक्सलचा आकडा पुन्हा बघितला. मग वहीत टाकीसमोर लिहिलं: पिण्यापुरतं वीस लिटर कोल्हापुरातून, बाकी सावंतवाडीत.